तेर्रो, म्हणजे मी धरीन

आई, तुझी नात आता आई होणार आहे, तिकडे इटलीत. पहिलं बाळंतपण माहेरी ही तुझी रीत, पण आता माहेरच विमानात बसून तिच्याकडे निघालंय. विहीणबाईंना इटालियनशिवाय काही येत नाही, म्हणून लेक मला रोज व्हिडिओ कॉलवर एकेक क्रियापद शिकवते. सध्या ‘तेनेरे’ चाललंय. धरणं, ठेवणं, सांभाळणं, सगळं त्यातच. भविष्यकाळ मी पाढ्यांसारखा घोकते. तेर्रो, मी धरीन. तेर्राय, तू धरशील. तेर्रा, तो किंवा ती धरील. पुढे आम्ही, तुम्ही, ते, म्हणजे तेर्रेमो, तेर्रेते, तेर्रान्नो. पाठ झालंय गं. घोर वेगळाच आहे. माझा उजवा हात थरथरतो. मागे सियालदह स्टेशनवर मातीच्या कपातला चहा निम्मा साडीवर सांडला, तेव्हा डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, गोळ्यांनी कमी होईल, पण जाणार नाही.

तेव्हापासून तू डोळ्यांसमोर आहेस. लेक झाली तेव्हा यांची नोकरी गार्डन रीचला, रेल्वेच्या ऑफिसात. मला माहेरी येणं जमेना, तर तूच डिंकाचे लाडू घेऊन एकटी इथवर आलीस. दवाखान्यातली आया बाळ देईना. “पोरे, मा, पोरे,” म्हणजे नंतर, असं म्हणत राहिली. तुला बंगालीचं अक्षरही येत नव्हतं. पदर खोचून तू पुढे झालीस, “आण गं इकडे, मी धरते!” आणि तिनं निमूट दिलं. मग मी घ्यायला गेले तर माझ्यावरच डाफरलीस, “मान सांभाळ! बाळ आहे ते, बाजाराची पिशवी नाही.” तू तिला तेल लावतेस, पायांवर घेऊन न्हाऊ घालतेस, आणि मी नुसती तुझे हात बघत राहते. ते कधी चुकतील असं मनातही येत नसे.

काल लेक म्हणाली, “आई, तू आलीस ना, की मी निवांत झोपणार. बाळ तुझ्याकडे.” मग म्हणाली, “म्हण बरं, मी धरीन.” मी म्हटलं, “तेर्रो.” तिनं टाळ्या वाजवल्या. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. अगदी जिभेवर आलं होतं, पण तिचा चेहरा इतका खुलला होता की गिळून टाकलं. पुढच्या आठवड्यात निघायचंय. मला फार भीती वाटते, आई. बाळ हातातून निसटलं तर?

हे पत्र टाकणार तरी कुठे? यांनाही ठाऊक नाही, तुला म्हणून सांगते. लेकीशी बोलताना फोन मी साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते, आणि उजवा हात ओट्याखाली.