चाळीसपैकी एकतीस

ठाकुर्ली,
शुक्रवार, दुपार

प्रिय संचिता,

तुझं पार्सल पोचलं. चॉकलेटं आईने फ्रीजमध्ये लपवली आहेत आणि साखर वाढलेली असताना रोज एक खाते आहे. घरात नर्स असल्याचा तिच्यावर काही परिणाम नाही. स्वेटर मी कपाटात ठेवला. ठाकुर्लीत स्वेटर घालायचे दिवस वर्षातून चार, हे तू विसरलीस की तिकडे राहून तुला सगळं जगच गारठलेलं वाटतं, कोण जाणे. मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस, असं तुझी भाची श्रिया म्हणाली. रागव. फोनवर तू 'बोल ना गं' म्हणालीस की माझं निम्मं बोलणं घशातच राहतं, आणि आजचं मला निम्मं सांगायचं नाही. म्हणून कागद घेतला. पोस्टात टाकलं तर पंधरा दिवस जातील, तेवढे हातात नाहीत. लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवते. अक्षर लावून वाच, घाईघाईने नजर फिरवू नकोस. ती सवय परीक्षेपुरती ठीक होती.

आमची बिल्डिंग एकदाची पाडायला निघाली. पुढच्या महिन्यात भाड्याच्या खोलीत जायचं आहे, कल्याणलाच बघतो आहोत, म्हणजे मला नर्सिंग होम जवळ पडेल. वीस खाटांचं नर्सिंग होम, त्यात मी अकरा वर्षं आहे, दर वर्षी नवं कॉन्ट्रॅक्ट. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय. डॉक्टर गेल्या वर्षी म्हणाले होते, सिस्टर, इन्चार्जची एक छोटी परीक्षा आहे, द्या, पर्मनंट करून टाकू. मी नको म्हटलं. पेपर समोर आला की मी गळपटते, हे मला माझ्याबद्दल पक्कं ठाऊक होतं. होतं असं लिहिते आहे, ते लक्षात ठेव.

तुला गुरवबाई आठवतात का? चौथीत, शेवटच्या तासाला त्या म्हणायच्या, वह्या बदला आणि शेजारणीची तपासा, आणि स्वतः खिडकीपाशी बसून स्वेटर विणायच्या. तुझी वही माझ्याकडे, माझी तुझ्याकडे. तुझ्याकडे तो वासाचा गुलाबी खोडरबर होता. माझं गणित चुकलं की तू ते खोडायचीस, माझ्यासारखं अक्षर काढून बरोबर उत्तर लिहायचीस आणि दहापैकी दहा. मीही तुला तसेच दहा द्यायचे. सगळा वर्गच द्यायचा. मैत्रिणीला लाल फुली मारणारी पोरगी म्हणजे चांडाळीण, तिच्याशी कट्टी. मग सहामाहीत दोघींना पस्तीस पडायचे आणि आपल्या आया चक्रावून जायच्या.

नर्सिंगला गेल्यावर माझी ती सवय सुटली. इंजेक्शनचा डोस तपासताना समोर मैत्रीण आहे हे बघून चालत नाही. तुझीही सुटली असं मी धरून चालले होते.

ठाण्याच्या हॉस्पिटलात आपण दोघी लागलो तेव्हा किती मिरवलं होतं आपण. आणि मग आयर्लंडला नोकरीला जायचं खूळ. एजन्सीच्या माणसाने सांगितलं, बाकी सगळं होईल, आयएल्ट्स नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेत रीडिंगला सात बँड पाहिजेत, म्हणजे चाळीसपैकी तीस तरी बरोबर. मराठी शाळेतल्या दोन मुली. मॉर्निंग ड्युटी संपली की तलावपाळीचा तो मोडका बाक, शेंगदाणे, मोबाईलवर साठ मिनिटांचा गजर. तीन उतारे. काचेचा इतिहास, कुठल्याशा बेटावरचे न उडणारे पक्षी, दुपारच्या डुलकीचे फायदे. चार रात्री धड न झोपलेल्या आपण डुलकीचे फायदे वाचत होतो आणि तू हसता हसता बाकावरून पडायची राहिलीस. मग वह्या बदलायच्या. चौथीतल्यासारख्याच. परीक्षा पेन्सिलीने असते म्हणून आपणही पेन्सिलीनेच लिहायचो.

तुझी वही मी कशी तपासली ते तू विसरली नसशील. नाईट ड्युटीच्या नोंदींचा लाल पेन होता माझ्याकडे. एका अक्षराची स्पेलिंग चूक, शून्य. शेवटचा एस राहिला, शून्य. एकदा मी तुला एकोणीस दिले आणि तू पाण्याकडे तोंड करून रडत बसलीस. मी समजूत काढली नाही. आज खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. तुझं इंग्रजी माझ्याहून बरं होतं, दिसायला तू बरी, मेट्रन तुझ्याशी हसून बोलायची. त्या लाल पेनात माझी थोडी जळजळ होती. तुझी चूक नसली तरी मी शोधायचे. तू घरी जाऊन ते शब्द पन्नास पन्नास वेळा लिहायचीस, आणि दोन महिन्यांत तुझ्या वहीत लाल करायला मला काही सापडेना.

आणि मला तू द्यायचीस एकतीस. कधी बत्तीस, कधी तेहेतीस, एकदा तर चौतीस. दोन-तीन फुल्या ठेवायचीस, शोभेला. जुनी पानं परत बघायची नाहीत, पुढचा उतारा घ्यायचा, असं क्लासचे सर सांगायचे. मी आकडा ऐकायचे आणि पुढचा उतारा घ्यायचे. त्या आकड्याच्या जिवावर मी ताठ चालायला लागले होते, संचिता. परीक्षेच्या आधी मला अभ्यासाला महिनाभर सुट्टी हवी होती. हॉस्पिटलने दिली नाही, आणि मी राजीनामा दिला. कायमची नोकरी, तीही घरातली पहिली. आईने दोन दिवस जेवण सोडलं. मी तिला म्हटलं, अगं रोज एकतीस पडतात, तीसच लागतात. तू राजीनाम्याचा कागद वाचलास, एक स्वल्पविराम दुरुस्त केलास आणि मला मिठी मारलीस.

तुझे साडेसात आले. माझे साडेपाच, म्हणजे चाळीसपैकी जेमतेम बावीस. हट्टाने दुसऱ्यांदा बसले, सहा. तू निघालीस त्या दिवशी एअरपोर्टच्या दारात माझे दोन्ही हात धरून म्हणालीस, "तू घाबरलीस गं पेपरला. नाहीतर तुझं रीडिंग माझ्याहून चांगलं आहे." मला ते पटलं. इतकं पटलं की मी तेच होऊन बसले. मी घाबरते. पेपरला घाबरते, मोठ्या हॉस्पिटलच्या मुलाखतीला घाबरते, डॉक्टरांना उलट उत्तर द्यायला घाबरते. मला बघायला आलेल्या एका चांगल्या मुलाला मी नकार दिला, का तर तो दुबईला असायचा आणि मला कुठे जमणार आहे. अकरा वर्षं मी स्वतःला घाबरट समजत आले, कारण माझ्याकडे पुरावा होता ना, घरी एकतीस आणि हॉलमध्ये बावीस.

गेल्या महिन्यात माळा रिकामा केला. आईच्या पितळेच्या भांड्यांमागे कापडी पिशवी, तीत माझ्या तीन दोनशेपानी वह्या आणि उत्तरांचं ते पुस्तक. रद्दीत टाकणारच होते. सहज एक पान उघडलं आणि उत्तरं लावून बघायला लागले. उत्तरं बरोबर होती, पण कागद खरवडलेला होता. माझी पेन्सिल दाबून चालते, तू हसायचीस तिला, पुढच्या दोन पानांवर वळ उठायचे. तर वरती सी लिहिलेला आणि त्याच्याखाली बीचा वळ. वरती डी, खाली ए. सी तुझा होता. तुझ्या सीला शेपूट असतं. मी ट्यूबलाईटखाली पान तिरकं धरून एकेक उत्तर खरं काय होतं ते लिहून काढलं. दोन दिवस तेच केलं, मंगळवार-बुधवार, सुट्टी टाकून. बावीस, एकवीस, चोवीस, बावीस. तिन्ही वह्यांत एकदाही पंचवीसच्या वर नाही.

म्हणजे मी घाबरले नव्हते गं. हॉलमध्ये मी अगदी माझ्या लायकीप्रमाणे लिहून आले होते. हे कळून मला हसू आलं आणि मग मी भांड्यांच्या ढिगात बसून अशी रडले की शेजारच्या मायाकाकू धावत आल्या.

आणखी एक दिसलं. माझ्या चुका बहुतेक एकाच जातीच्या होत्या. उताऱ्यात जे लिहिलेलंच नाही ते मी माझ्या पदरचं घालून उत्तर द्यायचे. डुलकीच्या उताऱ्यात तर नर्स म्हणून मला जे ठाऊक होतं ते सगळं मी त्यात कोंबलं होतं. कुणी एकदा लाल फुली मारून म्हटलं असतं की बये, तुला काय ठाऊक आहे ते कुणी विचारलेलं नाही, समोर काय लिहिलं आहे ते बघ, तर महिन्याभरात सुधारले असते. कदाचित नसतेही. पण राजीनामा दिला नसता. आज त्या हॉस्पिटलात सिस्टर इन्चार्ज असते, आणि आईच्या साखरेचं औषध तिथून मिळालं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ माझी होती. ती झाकायचा अधिकार तुला कुणी दिला? मी जळून तुझ्यावर लाल पेन चालवला आणि तू पोचलीस. तू मायेने माझ्यावर गुलाबी रबर चालवलास आणि मी इथे आहे. अशी माया पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये, असं मी त्या रात्री देवापुढे बोलले.

आणि मग मीच ती श्रियाच्या वाट्याला आणली. आता नीट वाच, कारण हे सगळं मी यासाठी लिहिते आहे.

गणपतीत तू मेसेज केलास, दादाची पोरगी आयएल्ट्सला बसते आहे, तिची रीडिंगची वही तू तपास, तू कडक आहेस. आनंदाने हो म्हटलं. पोरगी गोड आहे, ड्युटीवरून थेट येते, आईशी गप्पा मारते, मला रसिकाआत्या म्हणते. पहिले तीन आठवडे मी लाल पेनानेच तपासलं. तेवीस, चोवीस. वाचायला सावकाश आहे ती, तिसऱ्या उताऱ्याला वेळच पुरत नाही, शेवटची आठ-दहा उत्तरं अंदाजपंचे ठोकते. मग माळ्यावर माझ्या वह्या सापडल्या. त्याच गुरुवारी ती आली तेव्हा मी म्हटलं, आजपासून पेन्सिलीने लिही. आता परीक्षा कॉम्प्युटरवर असते, पेन्सिलीचं काही कारण नव्हतं. हात आपोआप गेला वगैरे मी लिहिणार नाही. मला काय करायचं होतं ते मला माहीत होतं. तुझ्या घरातल्या पोरीलाही एकदा कळू दे, एवढाच विचार होता. ती आईकडे चहा घ्यायला गेली आणि मी शेवटची आठ उत्तरं खोडून बरोबर लिहिली. तिला सांगितलं, चाळीसपैकी एकतीस.

ती माझ्या गळ्यात पडली, संचिता. तिचं तोंड असं उजळलं की मी क्षणभर विसरले मी काय केलं ते. दुसऱ्या दिवशी सूड वगैरे काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला फक्त ते तोंड परत बघायचं होतं. तेव्हा कळलं तू तलावपाळीवर काय करत होतीस. तुला माझी कीव नव्हती, माझं वाईटही करायचं नव्हतं. तुला मी हसलेली हवी होते, आणि त्याला एक खोडरबर पुरत होता. हे कळलं म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. कळून माझा राग वाढलाच आहे, फक्त आता तो दोघींवर आहे.

पंधरा दिवस मी हे केलं. काल ती पेढे घेऊन आली. फाईलमधून एक कागद काढला आणि म्हणाली, "आत्या, राजीनामा बघ ना जरा. सोमवारी देते. रीडिंगची तर आता काळजीच नाही." मी कागद वाचला. एक स्वल्पविराम चुकला होता. तिला म्हटलं, राहू दे, उद्या बघते, आणि कागद ठेवून घेतला. माझ्यासमोरच आहे तो आत्ता.

तिचे खरे मार्क चोवीस आहेत. वेळ लावून रोज फक्त तिसरा उतारा सोडवला तर दोन-तीन महिन्यांत तिचे तीस होतील, पोरगी मेहनती आहे. पण तिला नोकरी सोडू देऊ नकोस आणि परीक्षेची तारीख पुढे ढकलायला लाव. हे तू सांगायचंस. मी नाही, तू. तू जन्मात कुणाला फुली मारली नाहीस, कुणाचं तोंड उतरलेलं तुला बघवत नाही, म्हणून सगळी तुला चांगली म्हणतात. ही एक फुली तू मार. माझं नाव सांग, माझ्याबद्दल काय वाटेल ते सांग, मी केलं आहे ते मी कबूल करीन. मात्र तिला घाबरलीस असं म्हणू नकोस. रविवारी संध्याकाळपर्यंत तुझा फोन तिला गेला नाही तर मी दादाच्या घरी जाऊन तिच्या दोन्ही वह्या लाल पेनाने पुन्हा तपासून देईन, आणि माझ्या तिन्ही वह्याही शेजारी ठेवीन. सांगून झालं की मला कर. या वेळी मी उचलीन.

अजूनही तुझीच,
रसिका