रुमालाची गाठ

चि. समृद्धी,

व्हिएतनामच्या हॉटेलात तू फोनवर ऋतुराजला म्हणालीस, "आईंना मी फार चालवलं, माझंच चुकलं." मी डोळे मिटून पडले होते, पण ऐकत होते. तुझं काही चुकलं नव्हतं गं.

तू सगळी तयारी केली होतीस. विमा, डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांच्या पाकिटांवर वारसुद्धा. अंगावर सूज चढू नये म्हणून रोज नाश्त्याला तू लघवीची गोळी द्यायचीस. मी ती तीर्थासारखी तळहातावर घ्यायचे आणि तुझी पाठ वळली की रुमालाच्या गाठीत बांधायचे. ती घेतली की मला दर अर्ध्या तासाला जावं लागतं. चाळीस माणसांची बस माझ्यासाठी थांबवायची, तीही परमुलखात, याची लाज वाटली. चौथ्या दिवशी पाय सुजले, धाप लागली. वर्षभर जिची वाट पाहिलीस ती बोटीची सफर सोडून तू माझे पाय मांडीवर घेऊन बसलीस. तेव्हाही मी म्हटलं, "ऊन लागलं असेल."

हे कबूल करायला आज डोंबिवलीत कागद घेऊन बसले, तेवढ्यात घोडबंदरच्या तुमच्या घरून तू धुऊन पाठवलेले माझे सहलीतले कपडे आले. सगळ्यात वर तोच रुमाल, कडक इस्त्री केलेला. गाठ सोडल्याशिवाय इस्त्री कशी होणार? सोबत तुझी चिठ्ठी होती, "आई, पुढच्या वेळी बस नको. आपली वेगळी गाडी करू, हवी तिथे थांबवता येते."

आता हे पत्र कशाला पाठवू? आजची गोळी मात्र तुझं नाव घेऊन घेतली.

तुझी लबाड सासू,
आई