अर्धा मिलिमीटर

सोमवार, सकाळी ७
ठरलं. खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट. भीती मुळीच नाही. एकतीस वर्षं भूमिती शिकवली. कॉम्प्युटरने आखून दिलेल्या जागी भोक पाडायचं, त्यात घाबरण्यासारखं काय?
डॉक्टर माझीच विद्यार्थिनी. वर्तुळ अर्धा मिलिमीटर चुकलं म्हणून तिचे दोन गुण कापले होते. विसरली असेल.

मंगळवार
विसरलेली नाही. हसून म्हणाली, यातही एखाद मिलिमीटर इकडेतिकडे होतं. म्हणून नसेपासून दोन मिलिमीटर लांब राहायचं. नस दुखावली तर ओठ बधिर. कायमचा.
रात्रीचं जेवण नको वाटलं. उकाड्यामुळे.

बुधवार
स्कॅन. हलू नका म्हणाले. मशीन डोक्याभोवती फिरू लागलं. मान हलली असेल जरा. टेक्निशियनने विचारलं, हललात का? मी म्हटलं, वर्गात मुलंसुद्धा हलत नसत.

गुरुवार, दुपारी
डॉक्टरचा फोन. स्कॅन आणि दातांचा साचा कॉम्प्युटरवर जुळत नाहीत. मशीन तपासून घे, असं बजावलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तू हलली असशील." यांना प्रत्येक गोष्टीत माझाच दोष दिसतो.

शनिवार
इंजिनिअर येऊन गेला. मशीन ठणठणीत. तीन पेशंट परत पाठवले म्हणे. त्याला मी काय करणार?
आरशासमोर हनुवटीला कर्कटकाचं टोक लावून पाहिलं. कळतंय. अजून.

सोमवार, सकाळी ११
खुर्चीत बसले. डॉक्टर म्हणाली, कॉम्प्युटरचा नाद सोडू. हाताने करते, अंदाजाने, अनुभव आहे.
अंदाजाने!
इंजेक्शन ओठाशी आलं आणि मी तिचं मनगट धरलं.
"मी हलले होते."
तिने मास्क खाली केला. "किती, बाई?"
"अर्धा मिलिमीटर."
"तीन," ती म्हणाली. गुण कापले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं. पुन्हा स्कॅन ठरला.

बुधवार, दुपारी ४
स्कॅन झाला. कपाळाला पट्टा, हनुवटीला टेकू. डोळे मिटून शंभरपर्यंत मोजलं. दगडासारखी उभी. मग टेक्निशियनला ठणकावून सांगितलं, "बघा, याला म्हणतात न हलणं. सोडा आता पट्टा."
तो अदबीने म्हणाला, "बाई, मशीन अजून सुरू केलेलं नाही. तुम्ही थरथरायच्या थांबलात की करतो."