आक्काच्या केसांतली सुरंगी

पावस, २२ मार्च २०२५

तीर्थस्वरूप अनिलदादास,
राजश्रीचा नमस्कार. इकडे सगळं बरं. कलमांना कैऱ्या बऱ्यापैकी धरल्यात आणि परड्यातली सुरंगी नुसती लगडलीय. तू फोन अर्ध्यावर कापतोस, म्हणून पत्र.

"साठी आली नि फुलांचे फोटो काढत बसते," म्हणून हसलास. हस बापडा. सुरंगीचं पिवळं मोबाईलमध्ये जळूनच जायचं. महिनाभर झाडाखाली उकिडवी बसले तेव्हा कळलं, उजेड कमी करायचा आणि कळी पुरती उमलायच्या आत टिपायची. पुढचं तुझ्याच लेकीने, ज्ञानेश्वरीने, फोनवरून शिकवलं. रंग कसा सावरायचा, मागची निळी ताडपत्री कशी पुसायची. बोट फिरवलं की वस्तू गायब! मला चटकच लागली. शेजारच्या यमुनाबाईंची वाळत घातलेली लुगडी कितीदा पुसली, त्यांना पत्ताही नाही.

आता मुद्द्याचं. मांडवीच्या फोटोंच्या प्रदर्शनात आपल्या सख्ख्या बहिणीचा, तुळसाआक्काचा, फोटो लागणार आहे. परवा फुलं वेचून तिने वळेसर ओवला आणि सहज अंबाड्यात माळला. मी तेवढ्यात टिपलं. बहात्तर वर्षांची बाई काय हसलीय! आणि तू फोनवर कडाडलास, "विधवेच्या डोक्यात फुलं? ज्ञानूच्या सासरचे बघतील. ती फुलं पुसून टाक, नाहीतर तिच्या लग्नाला दोघीही येऊ नका."

मी पुसली रे दादा. पोरीचं लग्न चुकेल म्हणून भ्याले. इतक्या सफाईने पुसली की अंबाडा जसाच्या तसा. आक्काला दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "परत फुलं काढलीस गो?"

आक्काचे यजमान गेले, तेव्हा तू मुंबईला नोकरीवर होतास. ती सव्वीसची होती. सकाळी माळलेला वळेसर तिच्या केसांत तसाच होता आणि तो काढायला एकही बाई पुढे होईना. काकीने मला ढकललं. म्हणे, पोर आहे, हिला कसला दोष लागतोय! चौदा वर्षांची होते मी. मी तो काढला, त्यात तिचे केस ओढले गेले. हे आजवर कुणापाशी बोलले नाही. लाज वाटते, अजून वाटते.

तो पुसलेला फोटो मी टाकून दिला. फुलांसकटचा मोठा करून छापून घेतलाय. रविवारी लागणार म्हणजे लागणार! लोकांचं तोंड कोण धरणार? बोलू देत.

आणि लग्नालाही आम्ही येणार. ज्ञानू आमच्याही मांडीवर वाढलीय. आक्का फुलं माळूनच येईल. ती फुलं तुला खुपली, तर काढायला मला सांगू नकोस, दुसऱ्या कुणाला ढकलू नकोस. तू स्वतः उठ, तिच्यासमोर उभा राहा, तिच्या डोळ्यांत बघ आणि आपल्या हाताने काढ.

दोनदा तुम्हा मोठ्यांचं ऐकलेली,
राजश्री