सराईची बारावी खोली

बाबा, सराईची बारावी खोली अजून ओली आहे. भर वैशाखात मूल गावाच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, आणि तुमच्या हातची ती भिंत गार लागते.

सराई मला तुमच्या तोंडून पाठ आहे. धानाच्या बैलगाड्यांच्या मुक्कामासाठी बांधलेली. रस्त्याकडे बारा कमानी, प्रत्येक कमानीमागे एक खोली, मध्ये अंगण, विहीर, बैलांना पाणी पाजायची दगडी डोण. आतून चुन्याचा गिलावा, आणि दिव्याचे कोनाडे इतके खाली की बसल्याबसल्या हात पोचावा. "थकल्या माणसाले उठाचं काम नाई पडलं पाह्यजे," असं तुम्ही म्हणायचे, जशी काही तुम्हीच बांधली होती.

मी कॉलेज सोडून तुमच्या हाताखाली गवंडीकामाला, चुन्याचा गारा कालवायला आले, त्या साली सराईचं गोदाम व्हायचं होतं. शेवटच्या खोलीचं छत खचलं होतं, म्हणून तिचं दार विटांनी बुजवायचं ठरलं. तुमचा नियम पक्का: दार बुजवण्याआधी आत जाऊन तीनदा हाक द्यायची, "कोणी राह्यलं का?" मांजर असेल, वाटसरू असेल, आणखी कोणी असेल. त्या दुपारी तुम्ही मला पाठवलं. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि आतून ताज्या, ओल्या चुन्याचा वास आला. तिथे कित्येक वर्षांत कोणी चुना लावला नव्हता. मी उंबऱ्यावरूनच मागे फिरले. परत येऊन म्हटलं, दिली हाक. तुम्ही विटा रचल्या.

ती भिंत वाळलीच नाही. तुम्ही दोनदा गिलावा खरवडून नवा केला. मग दर रविवारी जाऊन तिला कान लावायचे आणि घरी येऊन मला विचारायचे, "तुनं आवाज देल्ला होता ना, बाई?" किती वेळा सांगू, म्हणून मीच तुमच्यावर चिडायची. शेवटच्या आजारात तुम्हाला धड बोलता येत नव्हतं, तरी प्रश्न तोच. तेव्हाही मी हो म्हटलं. जीभ कशी झडली नाही माझी.

आता रस्ता रुंद होतोय, सराई पाडणार आहेत. काल दुपारी मी गेले. आईला सांगून गेले, बाबांची राहिलेली हाक देऊन येते. भिंतीला तोंड लावून विचारलं, कोणी राह्यलं का? काही नाही. पुन्हा विचारलं. आतून थापीचे दोन ठोके आले, एक जोरात, एक हळू. वीट बसवताना तुम्ही द्यायचे तसेच.

मी दोनदाच हाक दिली, बाबा. तिसरी माझ्यानं देववली नाही. आईनं विचारलं, तर तीनदा दिली म्हणून सांगितलं.