चव्वेचाळीस नंबर

ओहायो, २१ ऑक्टोबर १९८७

प्रिय व्हर्लीनताई,

मी खुशाल आहे. तिकडे भाताच्या गिरणीत हंगामाची गडबड असेल. इथे थंडी पडली आहे आणि आपल्याकडचं गंबो मागितलं तर टोमॅटोचं सूप आणून ठेवतात.

फुटबॉल खेळाडूंचा संप मिटल्याचं ऐकलं असशीलच. मूळचे खेळाडू परत आले आणि आम्हां बदली खेळाडूंना सामान आवरायला सांगितलं. इतके दिवस फाटकावर "फितुरांनो, आमच्या पोटावर पाय देता!" म्हणून अंडी फेकणारे आता आत हसतखिदळत होते. मला त्यांचा राग नाही आला. जागा त्यांचीच होती.

परवाच निघता आलं असतं. पण बॅग भरतो, परत उपसतो. हे लिहितानाही चारदा उठून खिडकीशी जाऊन आलोय.

आता सांगूनच टाकतो. ताई, मी एकदाही मैदानात उतरलो नाही. तिन्ही सामने बाकावर काढले.

पहिल्या सामन्याआधी आईला फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "माझा नंबर चव्वेचाळीस, नीट बघ." ऐनवेळी तो लायोनेल प्रुइटला दिला आणि मला भलताच मिळाला. हा लायोनेल टेनेसीत गाद्या विकायचा. पाठीवर नावं शिवायलाही वेळ नव्हता. गड्याने चेंडू घेतला, सगळ्यांना चुकवत शेवटच्या रेषेपार पळाला आणि थेट टचडाउन! संध्याकाळी आईचा फोन. तू चर्चमध्ये सगळ्यांबरोबर टीव्हीपुढे होतीसच, तुला ठाऊक आहे.

"ओड्या! काय पळालास रे! पाद्रीबाबा खुर्चीवर उभे राहिले!"

मागे तुम्ही सगळे ओरडत होता. मी म्हणालो, "हो, आई." त्यानंतर रोज वाटायचं, आज सांगू, आणि रोज शेपूट घालत होतो.

त्यात पाद्रीबाबांनी रविवारी सत्कार ठरवल्याचं तुझ्याकडून कळलं, आणि माझी झोपच उडाली. शेवटी आज सकाळी आईला फोन लावला.

"आई, तो रविवारचा कार्यक्रम रद्द कर."

"केला की कालच. म्हटलं, आमचा पोरगा लाजतो." मग म्हणाली, "ओड्या, त्या चव्वेचाळीसवाल्याला आई आहे का रे?"



"आहे," मी म्हणालो. "तुला कधी कळलं?"

"तो पळायला लागला तेव्हाच. तुझं पळणं मला ठाऊक नाही होय?"

"मग फोनवर एवढी ओरडत का होतीस?"

"अख्खं चर्च तुझं नाव घेऊन नाचत होतं रे. मला त्यांना गप्प करवेना. मग मीही ओरडले."

ताई, फोन ठेवून मी ढसाढसा रडलो. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, तेच जास्त लागलं.

शनिवारच्या बसने येतोय. न्यायला आईलाच पाठव, दुसरं कुणी नको.

तुझा, बाकावर बसून परत येणारा भाऊ,
ओडेल