टाचेवरचा डाग

३ मार्च
घट्टा म्हणे! टाचेखालचा काळा डाग दाखवला, तर घराजवळचे डॉक्टर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "दिवसभर ड्रायव्हिंग शिकवता, ब्रेक दाबून दाबून घट्टा पडणारच." मलम दिलं. घट्टा असा वेड्यावाकड्या कडांचा असतो? आणि पसरतो?

८ मार्च
शिकाऊ बाईंनी सिग्नलला गाडी पुढे घातली. मी माझ्या बाजूचा ब्रेक मारला — कळ थेट मस्तकात! ओरडले त्यांच्यावर. बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. मोज्याला रक्त.

१४ मार्च
किडनीच्या डॉक्टरांकडे नेहमीची तपासणी. "भाऊजींची किडनी मजेत आहे!" मी बूट काढायला लागले तर म्हणाले, "ते त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा." त्यांचा नंबर पुढच्या महिन्यात. वा! माझं एकेक अंग एकेका खात्याचं.

भाऊजींचा संध्याकाळी फोन. धाकटे दीर, पण किडनी दिल्यापासून सासूच झालेत. "वहिनी, पाणी प्यायलात?" प्यायले हो!

१५ एप्रिल
त्वचेच्या डॉक्टरबाईंनी डागावर भिंग धरलं. तपासायला तुकडा काढला.

२२ एप्रिल
मेलानोमा. त्वचेच्या कॅन्सरातला वाईट प्रकार. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून मी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेते ना — त्यामुळे आमच्यासारख्यांना धोका जास्त, आणि झाला की आवरणं कठीण. "तळपाय बघत जा, असं कुणी सांगितलं नव्हतं?" नाही! मीठ किती, फळं कोणती, सगळं सांगितलं. पायाचं कुणीच नाही.
हे म्हणतात, "होईल गं सगळं नीट." कसं, ते विचारायचं नाही.

१० मे
टाच कोरून काढली, मांडीची कातडी लावली. जांघेतल्या गाठीतही कॅन्सर सापडला. फुप्फुसातही ठिपके आहेत.

२४ मे
किडनीचे आणि कॅन्सरचे डॉक्टर एकदाचे एका खोलीत! औषध आहे. ते प्रतिकारशक्तीला जागं करून कॅन्सरवर सोडतं. पण जागी झालेली ती किडनीवरही तुटून पडेल. "निर्णय तुमचा." बाकी काही माझ्या हातात नव्हतं, निर्णय तेवढा माझा!

२५ मे
औषध नकोच म्हणावंसं वाटतंय, पण भाऊजींना सांगायला माझी जीभ रेटेना. ह्यांनी सांगून टाकलं. दार उघडताच सुरू —
"किडनी वाचवायला तुम्ही मरणार, वहिनी?"
"तुम्ही पोट फाडून घेतलंत माझ्यासाठी. ती मी वाया घालवू?"
"घालवा! जगायला दिली होती, जपून ठेवायला नाही!"
दोघंही ओरडत होतो. हे मधोमध चहाचे कप घेऊन उभे, कुणाला आधी द्यावा कळेना. भाऊजी तसेच निघून गेले. राग आला. एवढं सोपं असतं का?

२ जून
औषधाची पहिली सलाईन लावली. भाऊजींशी बोलणं नाही.

३० जून
पाय सुजलेत. रक्ताचे रिपोर्ट बिघडत चाललेत. डॉक्टर म्हणतात, "वाट बघू." तुम्ही बघा!

१९ ऑगस्ट
फुप्फुसातले ठिपके दिसेनासे झाले. डायलिसिस पुन्हा सुरू.
भाऊजी पलंगाशी येऊन बसले. मी म्हटलं, "गेली हो."
"कोण गेली? तुम्ही तर समोर आहात."